बाई गेली, बाटली राहिली!

डोंबिवलीच्या मागच्या अंगास जी सत्तावीस गावे आहेत, त्यांपैकी एका गावच्या शेतकरी गृहस्थाचे पत्र आमच्याकडे आले आहे. अक्षर लागावयास कठीण, पण मजकूर सरळ. ते लिहितात, "तुमचे पत्र गोरगरिबांची बाजू घेते म्हणून आमच्या घरी वाचतात. तेव्हा एका गोष्टीचा खुलासा करा. डान्स बार सरकारने बंद केले ते चांगले केले की वाईट केले? माझ्या थोरल्या भावाचे जमिनीचे पैसे शीळ रोडच्या बारात गेले. मागून भाऊही गेला. आता शहरातले लोक म्हणतात, मुंबईची जुनी रात्र गेली, मजा गेली. त्याचे आम्हांस वाईट वाटावे काय?"

पत्र वाचून आम्ही दोन दिवस उत्तर लिहिले नाही. ज्याच्या घरचा माणूस गेला त्याला शहाणपण सांगणे सोपे असते, आणि म्हणूनच ते करू नये. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न पुष्कळांच्या मनात आहे. सबब उत्तर उघड देतो.

प्रथम मजेविषयी. मुंबईत हल्ली एक विलाप ऐकू येतो. ग्रँट रोडचे, वरळीचे, पार्ल्याचे ते बार गेले, ते आरसे, ते रंगीत दिवे, ती पहाटेपर्यंत चालणारी सिनेमाची गाणी गेली, शहर निजू लागले, असे लिहिणारे लोक पुष्कळ झाले आहेत. त्या रडगाण्यात आम्हांस सूर मिसळावयाचा नाही. ज्याच्या घरचा सातबारा तेथे जळाला नाही, त्यालाच त्या दिव्यांची आठवण गोड लागते. पत्रलेखक बंधूंनी वाईट वाटून घेण्याचे काहीएक कारण नाही.

पण त्यांचा पहिला प्रश्न याहून मोठा आहे. सरकारने चांगले केले काय? येथे आमचे त्यांच्याशी थोडे भांडण आहे. ते समजतात की, सरकारने बार बंद केले. आम्ही त्यांना विचारतो, दादा, कोणता बार बंद झाला? शीळ रस्त्याने आज रात्री नऊ वाजता जाऊन पाहा. पाट्या तेथेच आहेत. टेबले, खुर्च्या, गल्ल्यावरचा माणूस, दारावरचा पहिलवान, सगळे जागच्या जागी आहे. गेली ती फक्त बाई.

हा धंदा मुळात चालत कसा होता, ते बायाबापड्यांस नीट ठाऊक नसते, म्हणून सांगतो. ठाणे, कल्याण, पनवेल या टापूतल्या आगरी, कोळी, कुणबी लोकांची भातशेती व मिठागरे. प्रथम कारखान्यांसाठी गेली, मग नव्या शहरासाठी, मग इमारतींसाठी. ज्या बापाने आयुष्यात शंभराची नोट मोडताना तीनदा विचार केला, त्याच्या मुलाच्या नावे एके दिवशी बँकेत लाखांनी पैसा पडला. जमीन गेली तेव्हा कामही गेले. पैसा आहे आणि उद्या सकाळी उठून करावयाचे काही नाही, अशा तरुण माणसासमोर गावाच्या वेशीवरच हमरस्त्याला एक दार उघडे ठेवलेले होते. आत गेले की गल्ल्यावर दहा-दहाच्या नोटांची कोरी बंडले तयार. मोठी नोट द्या, बंडल घ्या, आणि बाईवर उधळा. आमच्या जुन्या तमाशात याला दौलतजादा म्हणत. फडातल्या दौलतजाद्यात एखादा रुपया निघत असे, येथे एकरच्या एकर निघाले. उधळलेल्या नोटा नोकर केरासारख्या गोळा करून मालकापुढे नेत. त्यांतला वाटा बाईला, वाटा मालकाला. वर दारूचे बिल निराळे, त्यातला कर सरकारला, आणि ज्याचा कोठे हिशेब लिहीत नाहीत तो हप्ता ज्याचा त्याला. असे चार हात त्या एका मुलाच्या खिशात होते. त्यांपैकी तीन हात अंधारात होते, एक उजेडात नाचत होता. पत्रलेखकांच्या भावजयीला दिसला तो उजेडातला. तिचा त्यात दोष नाही.

दोष कायदा करणारांचा आहे, कारण त्यांना चारही हात ठाऊक होते.

एक गंमत येथे सांगितली पाहिजे. महाराष्ट्रात दारूबंदी आहे! वाचक हसतील, पण १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा अजून पुस्तकात जिवंत आहे. दारू पिण्यास परवाना लागतो, तो परवाना दाखवून पिण्याची खोली म्हणून तिचे नाव परमिट रूम. हे नाव आमच्या खेड्यापाड्यांतील पोरासोरांसही पाठ आहे, पण ते दारूबंदीच्या पोटातून जन्मले हे कोणास आठवत नाही. बंदीच्या कायद्याने विक्रीचे दुकान काढणारे सरकार आम्ही दुसरे पाहिले नाही. त्या परमिट रूममध्ये नाचगाण्याचा परवाना देणारे नियमही सरकारचेच, १९६० चे. त्या नियमांच्या नावात मेळे आणि तमाशे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा कोणी चोरून आणलेली ही वस्तू नव्हती. सरकारने पाटी दिली, फी घेतली, दरसाल नवीकरण केले, आणि वीस वर्षांनी एका सकाळी त्याच सरकारास शोध लागला की, येथे समाज बिघडत आहे.

तो शोध मार्च २००५ च्या अधिवेशनात लागला. रायगड जिल्ह्यातल्या बारांविषयी शेतकरी कामगार पक्षाच्या आमदारांनी विधानसभेत लक्षवेधी मांडली. ते योग्यच केले. पनवेलच्या बाजूस शेतकऱ्यांची घरे बसत होती, बायका रडत होत्या, त्यांचे रडणे सभागृहात नेणे हे त्या पक्षाचे कामच होते. गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी उत्तर दिले की, मुंबईबाहेरचे डान्स बार बंद करू. मग मुंबईतले का राहावेत अशी ओरड झाली, तेव्हा सगळेच बंद करण्याचे ठरले. जुलैत विधेयक मंजूर झाले आणि १५ ऑगस्ट २००५ पासून अंमल सुरू झाला. (त्याच्या आधी तीन आठवडे, २६ जुलैस, उल्हास नदीने बदलापूर-कल्याणकडची घरेदारे बुडविली होती. लोक चिखल उपसत होते तेव्हा हा कायदा राजपत्राच्या वाटेवर होता.)

आता कायद्याने काय केले ते पाहा. पोलीस कायद्यात नवे कलम घातले की, खाण्यापिण्याच्या जागेत, परमिट रूममध्ये, बिअर बारमध्ये नाच करू नये. दारू देऊ नये असे कोठे लिहिले नाही. गल्ला बंद करावा असे लिहिले नाही. जमीन विकून आलेल्या मुलाला रात्री दोन वाजेपर्यंत उधारीवर पाजू नये, असेही लिहिले नाही. बारचा परवाना राहिला, बाटली राहिली, मालक राहिला, हप्ता राहिला. बाई तेवढी उचलून रस्त्यावर ठेविली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

आणि सगळीकडे नाच बंद झाला असेही नाही. त्याच कायद्यात पुढचे कलम असे होते की, तीन तारे किंवा त्याहून वरच्या हॉटेलांस, तसेच सभासदांपुरत्या मर्यादित जिमखान्यांस व क्लबांस ही बंदी लागू नाही. म्हणजे तोच नाच, तेच गाणे, पण खाली संगमरवर असेल तर ती कला, आणि खाली शीळ रस्त्याची फरशी असेल तर ती अनीती. ठाण्याच्या वागळे इस्टेटीतला फिटर पाहील तर बिघडेल, मलबार हिलवरचे शेटजी पाहतील तर त्यांचे चारित्र्य जसेच्या तसे राहील! देवळाच्या पायरीवरून महारामांगांस जे सांगत आले, तेच हे सरकारी मराठीत होते. शिवाशिवीचा हा नवा सोवळेपणा, यात शिवायचे कोणी आणि शिवायचे नाही कोणी, हे हॉटेलच्या पाटीवरचे तारे मोजून ठरवावयाचे.

आम्ही हे आमच्या मनचे म्हणत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००६ रोजी हा भेदभाव म्हणूनच कायदा रद्द केला, आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. श्रीमंतांच्या हॉटेलात बसणाऱ्याची नीती वेगळी आणि गरिबाच्या बारमध्ये बसणाऱ्याची वेगळी, असे गृहीत धरावयास न्यायमूर्तींनी साफ नकार दिला. त्याच निकालपत्रात ७५,००० हून अधिक बायांचा रोजगार गेल्याचा उल्लेख आहे, आणि त्यांतल्या पुष्कळांस पोटासाठी देहविक्रय पत्करावा लागला, असेही त्यात नमूद आहे. अब्रू राखावयास काढलेल्या कायद्याची ही कमाई.

त्या बाया होत्या कोण? परप्रांतीच्या आहेत, म्हणून आपल्याला काय, असे तेव्हा पुष्कळांनी सांगितले. पुष्कळ होत्या खऱ्या परप्रांतीच्या. पण कोणत्या जातीच्या? बेडिया, नट, कंजर अशा. म्हणजे ज्यांच्या आज्या-पणज्यांनी राजेरजवाड्यांपुढे, जत्रांत, दोरीवर नाचून पोट भरले, ज्यांना जमिनीचा तुकडा कधी मिळाला नाही, ज्यांची मुलगी हेच ज्यांचे शेत, अशा. आमच्याकडचे कोल्हाटी, डोंबारी, गोपाळ त्यांचे सख्खे भाईबंद. राजस्थानातली कंजर बाई मीरा रोडच्या भाड्याच्या खोलीत राहून गावाकडे भावाच्या शाळेची फी पाठवीत होती, हे ऐकून तिच्याविषयी परकेपणा वाटत असेल, तर आपल्या बहुजन म्हणविण्यात काहीतरी खोट आहे. आम्ही तिला देवी करीत नाही. तिने पाहुण्याला लुटले असेल, नसेलही. पण तिच्या वाट्याला जे आले त्यातून तिने इमारत बांधली असे आम्ही पाहिले नाही. इमारती कोणी बांधल्या ते हमरस्त्यावरून दिसते.

तिच्या मागोमाग आणखी किती घरे बसली, त्याची तर मोजदादच नाही. उल्हासनगरचा शिंपी घागऱ्यांना टिकल्या लावी, कल्याणच्या बाजारातला फुलवाला गजरे देई, पहाटे तीनला ठरलेल्या दारी उभा राहणारा रिक्षावाला, ढोलकी-तबल्यावर बसणारा, इस्त्रीवाला परीट, खोटे दागिने घडविणारा कारागीर. ही सगळी आपलीच माणसे. सुधारणा करणाराने त्यांच्याकडे पाहिलेही नाही.

आमचा कोणी वाचक म्हणेल, सत्यशोधकांनी मुरळीच्या चालीवर कोरडे ओढले, मग तुम्ही आज उलटे कसे बोलता? उलटे मुळीच नाही. देवाला पोर वाहण्याची चाल बंद झाली पाहिजे असे आम्ही तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. पण मुंबई सरकारचा १९३४ चा देवदासी कायदा काढून वाचा. त्याने वाहण्याची चाल बेकायदा ठरविली आणि त्याच कागदात लिहिले की, या बाईने लग्न केले तर ते खरे लग्न, तिची मुले औरस. एका हाताने काढले तर दुसऱ्या हाताने काही ठेविले. २००५ च्या कलमांत बाईच्या पोटाची काय तरतूद होती? एक ओळ दाखवा, आम्ही हा लेख मागे घेऊ.

खरा वडील दाखला मात्र १९४८ च्या सुमारचा आहे. स्वराज्य नुकतेच आले होते. मुंबई इलाख्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर होते आणि त्यांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली. कारण तेच, अश्लील आहे, लोक बिघडतात. फडातली माणसे महार, मांग, कोल्हाटी. पाहणारे शेतकरी आणि गिरणीतले हमाल. ज्यांनी आयुष्यात तंबूत पाऊल ठेविले नाही, त्यांनी तो बंद केला. फडकऱ्यांनी ओरड केली तेव्हा पुण्याचे पंडित दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि वगाची संहिता आधी सरकारला दाखवून मंजूर करून घ्यावी अशा अटींवर तमाशा सुटला. ज्याचा सोंगाड्या रोज रात्री नवा विनोद जागच्या जागी करतो, ज्याच्या फडात लिहिता येणारे माणूस शोधून सापडत नाही, त्याने संहिता टंकून आणावी! सत्यशोधकांनी आपले जलसे याच तमाशाच्या ढंगाने काढले आणि गावोगाव सावकार-भिक्षुकांचे पितळ उघडे केले. त्या हत्याराची धार कोणास बोचली असेल, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

आणि मग काय झाले? तमाशा पुरता मेला नाही, मुंबईतला मेला. लालबागचे न्यू हनुमान थिएटर हे गिरणी कामगाराचे रात्रीचे घर होते. गावाकडून फड येत, पाळी सुटलेला कामगार तिकीट काढून बसे, आणि दोन-तीन तास त्याला आपल्या मुलुखाची भाषा ऐकावयास मिळे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मेल्या, कामगार खोल्या विकून डोंबिवली, कल्याण, बदलापूरकडे आला, आणि थिएटरचा पडदाही पडला. पडला तेव्हा कोणी विलाप केल्याचे आमच्या वाचनात नाही. विठाबाई नारायणगावकरांस राष्ट्रपतींच्या हातून मान मिळाला, पण २००२ साली त्या गेल्या त्या हलाखीत गेल्या. आता सरकार त्यांच्या नावाने पुरस्कार देते. कलावंत मेली की तिच्या नावाचे लाख, आणि जिवंत असेतोवर तिच्या दारी शिपाई. डान्स बारच्या बायांना या घटकेला शिपाईच आहेत. पुरस्काराला अजून पन्नास वर्षे अवकाश असावा.

आता एक कडू गोष्ट आपल्याच माणसांविषयी. १९४८ साली बोट दाखवावयास आम्हांस सोयीचे होते. मुख्यमंत्री कोण, समितीचे अध्यक्ष कोण, हे म्हटले की झाले. २००५ साली काय म्हणणार? आर. आर. पाटील हे तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे, गरीब शेतकऱ्याचे पुत्र. गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छतेची मोहीम त्यांनी काढली, गावे झाडून निघाली, त्याचे आम्हांस कौतुक आहे. माणूस सरळ होता. त्यांच्या हेतूवर आम्ही शिंतोडा उडवीत नाही. पण सभागृहात त्यांच्या मागेपुढे बसलेले बहुतेक सगळे आपलेच होते, शेतकऱ्यांचे, बलुतेदारांचे. त्यांतला एकही उठून असे म्हणाला नाही की, साहेब, आपण बाटलीला हात लावू या, बाईला नको. जून २०१४ मध्ये न्यायालयाच्या निकालावर मात करण्यासाठी दुरुस्ती आणली, ती तर चर्चेवाचून एकमताने! शेतमालाच्या भावावर ज्या सभागृहात दोन पक्षांचे कधी एकमत झाले नाही, तेथे हे मिनिटांत झाले. न्यायालय म्हणाले भेद करू नका, तर सरकारने ताऱ्यांच्या हॉटेलांतही नाच बंद असे लिहून टाकले, पण नाच परत येऊ दिला नाही. भटजींनी टाकलेले सोवळे आमच्या पाटील-देशमुखांनी उचलून नेसले, आणि ते नेसून शिवू नको म्हणाले कोणाला, तर कंजराच्या पोरीला. जोतीरावांचे फोटो लावून हे चालते, याची आम्हांस शरम वाटते.

पुढची कहाणी वकिलांच्या फीची आहे, ती थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दुरुस्तीस स्थगिती दिली. २०१६ मध्ये सरकारने नवा कायदा केला. देऊळ व शाळा एक किलोमीटरच्या आत नसावी, आत कॅमेरे असावेत, नाच असेल तेथे दारू नसावी, अशा अटी. मुंबई-ठाण्यात देवळापासून एक किलोमीटर दूर अशी जागा खाडीतच सापडेल! आणि नाच असेल तेथे दारू नको म्हणणाऱ्यांनी नाच नसेल तेथे मात्र ती हवी तितकी ठेविली. १७ जानेवारी २०१९ रोजी न्यायालयाने यांपैकी पुष्कळ अटी काढून टाकल्या, नोटा उधळण्याची बंदी व साडेअकराची वेळ ठेविली, आणि २००५ पासून जवळजवळ एकही परवाना दिला गेला नाही हेही नोंदविले. नोटा उधळू नयेत हे बरोबरच आहे. बक्षीस द्यावयाचे ते माणसाच्या हातात द्यावे.

कागदावर वाट मोकळी झाली, रस्त्यावर नाही. बारवाल्यांनी नाचाऐवजी ऑर्केस्ट्राचा परवाना काढला. तेथे बाई हातात माईक घेऊन उभी राहते, गाते किंवा गाण्याचे सोंग करते. तेथेही सरकारने मोजणी लावली होती, आठ कलावंत, त्यांत चार बाया, चार पुरुष. बाया किती असाव्यात हे सरकार ठरवू शकत नाही, असे सांगावयास फेब्रुवारी २०२२ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयास बसावे लागले. आणि ज्यांना माईकही मिळत नाही त्या? डिसेंबर २०२१ मध्ये अंधेरीच्या एका बारवर धाड पडली. बाया कोठेच दिसेनात. शेवटी मोठा आरसा फोडला, तेव्हा मागच्या छुप्या खोलीतून १७ बाया बाहेर निघाल्या. आम्ही ते छापलेले वाचले तेव्हा जेवत होतो, घास खाली ठेविला. पूर्वी ती आरशासमोर नाचत होती. सुधारणा होऊन ती आरशामागे गेली. आरशासमोर असताना तिला निदान पोलिसात जाता येत होते, युनियन करता येत होती, आणि बारबालांची युनियन त्या दिवसांत न्यायालयात लढलीही. भिंतीत चिणलेल्या बाईची युनियन कशी व्हावयाची?

इकडे हे चालले असता जानेवारी २०२० मध्ये मंत्रिमंडळाने ठरविले की, मुंबईतल्या निवासी नसलेल्या भागांत मॉल, खाणावळी वगैरे चोवीस तास उघडी राहतील. त्याचे नाव नाइट लाइफ. वांद्रे-कुर्ला संकुल, नरिमन पॉइंट, काळा घोडा. रात्र ही वस्तू वाईट नसते, हे सरकारास कळले तर! फक्त ती कोठल्या पिनकोडात पडते यावर सगळे आहे. मध्यरात्रीच्या शेवटच्या गाडीने कल्याणला उतरणाऱ्या माणसाला स्टेशनबाहेर पावभाजीची गाडी लावू देत नाहीत. आणि जून २०२४ मध्ये पुण्याच्या प्रकरणांनंतर हुकूम सुटला, तेव्हा ठाण्यात व मीरा-भाईंदरमध्ये बार-पबांच्या बेकायदा बांधकामांवर बुलडोझर फिरले. बेकायदा असेल ते पाडावे, आमची हरकत नाही. पण ते पत्रे उभे राहताना त्या वॉर्डाचा अधिकारी कोठे होता, याची चौकशी बुलडोझरला करता येत नाही.

आता पत्रलेखक बंधूंच्या भावजयीकडे येऊ. तिला खरोखर काय हवे होते? नवरा रात्री घरी यावा, शुद्धीवर यावा, आणि जमिनीचे पैसे मुलांना राहावेत. या तिन्ही गोष्टी करण्याजोगे कायदे होते. ते सरकारने कसे ठेविले आहेत ते पाहा.

गावातले दारूचे दुकान बंद करावयाचे तर बायकांनी सह्या गोळा करावयाच्या, मग गुप्त मतदान, त्यात उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हे. आडव्या बाटलीस निम्म्याहून जास्त मते पडली पाहिजेत, आणि ती मतदानास आलेल्यांच्या निम्म्याहून नव्हे, यादीतल्या एकूण नावांच्या. मेलेल्या, लग्न होऊन परगावी गेलेल्या, सगळ्या बाया उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात! आमदार एवढ्या मतांनी निवडून यावयाचा म्हटला, तर विधानसभा अर्ध्याहून अधिक रिकामी राहील. तरी महाराष्ट्रात कित्येक गावांत बायकांनी बाटली आडवी केली, कामधंदा सोडून, दुकानदाराच्या शिव्या खाऊन. म्हणजे एक बाटली काढावयास सबंध गावच्या बायकांनी वर्ष-वर्ष झिजावयाचे, आणि हजारो बाया काढावयास एका अधिवेशनाचे काम! सरकारास कोणती वस्तू प्रिय आहे, ते यावरून तोलून घ्यावे.

दुसरे, जमीन. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमिनीचा हिस्सा करून दिला, आणि १९९२ साली सरकारनेही सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याचा ठराव काढला. तो ठराव सक्तीचा केला असता, जमीन विकताना नवरा-बायको दोघांची सही आणि पैसा दोघांच्या खात्यात असा नियम केला असता, तर शीळ रस्त्यावरचे निम्मे बार आपोआप ओस पडले असते. तेथे एकही शिपाई पाठवावा लागला नसता. परंतु बायकोचे नाव सातबाऱ्यावर चढविणे हे आमच्या सोवळ्या पाटलांस बारहूनही अवघड जाते. बाहेरच्या बाईला हाकलताना हात वर होतो, घरच्या बाईला सही देताना तो खिशात जातो. हे सरकारचे दुखणे नव्हे, आपल्या ओसरीवरचे आहे. बंधूंनी रागावू नये.

तेव्हा खुलासा येणेप्रमाणे. तुमच्या भावाला ज्या दाराने गिळले ते दार सरकारने बंद केलेले नाही. त्या दारातून एक कामकरीण बाहेर काढली आणि तुम्हांला सांगितले की, बघा, बंद केले.

जाता जाता आमचाही एक प्रश्न. भावाच्या मागे भावजय व मुले आहेत असे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे. थोडी जमीन अजून शिल्लक आहे असेही लिहिले आहे. तलाठ्याकडे जाऊन उतारा काढावा, आणि त्यावर तिचे नाव चढले आहे की नाही ते आम्हांस उलट टपाली कळवावे.